पापाचे अधिष्ठान कोठे? ख्रिस्ती धर्मातील सामाजिक न्यायाची हाक आणि लॅटिन अमेरिकेचा अनुभव

संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मध्यंतरी दीघनिकायातील कूटदन्त सुत्ताचे वाचन चालू असता एका तरुण उपासकाने प्रश्न केला की, गरिबांची सेवा ख्रिस्ती लोकही करतात. परंतु ती धर्मांतरासाठीच नव्हे काय? वर्गातील बहुतेकांनी माना डोलावल्या. हे उत्तर इतक्या सहजतेने आपल्या मुखी यावे याचे मला काहीसे नवल वाटले. धर्मांतराच्या हेतूविषयी संशय घेण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेविषयीही असेच संशय घेतले गेले, आणि ते घेणारे कोण होते हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांनी आपल्याला त्या तराजूने तोलले, त्यांचाच तराजू आपण उसना घ्यावा काय?

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मप्रसाराची परीक्षा केली ती निराळ्या मापाने. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती या विषयांवरील त्यांचे इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये ते वाचकांपुढे आले. मिशनऱ्यांच्या शाळांचे व दवाखान्यांचे मोल त्यांनी नाकारलेले नाही. मात्र त्यांचा लाभ बव्हंशी उच्चवर्णीयांनीच घेतला हेही त्यांनी नमूद केले आहे. त्यांचा मुख्य आक्षेप धर्मशिकवणीविषयी आहे. अस्पृश्य मनुष्य हिंदू असतो तेव्हा त्याची अधोगती पूर्वजन्मीच्या कर्मामुळे झाली असे त्याला सांगण्यात येते. तो ख्रिस्ती झाला की तीच अधोगती आदिपुरुषाच्या पापामुळे झाली असे सांगण्यात येते. दोन्ही स्पष्टीकरणांत त्याच्या भोवतालची समाजरचना निर्दोष सुटते. मग ती बदलण्यासाठी त्याने उठावे तरी का?

बाबासाहेबांचा खरा प्रश्न असा की, पाप राहते कोठे? माणसाच्या अंतःकरणात, की ज्या व्यवस्थेत तो जन्मास येतो त्या व्यवस्थेत? त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशातील मेदेयीन या शहरी जमलेल्या रोमन कॅथलिक बिशपांनी या प्रश्नाचे एक अधिकृत उत्तर दिले. बाबासाहेबांचे निबंध त्यांच्यासमोर असण्याचा प्रश्नच नव्हता. ते अद्याप छापलेही गेले नव्हते. ते उत्तर काय होते आणि ते देण्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभ एका शब्दाने करतो. पालीच्या विद्यार्थ्याला ही खोड असतेच. येशूच्या प्रसिद्ध गिरिप्रवचनात ज्यांना धन्य म्हटले आहे, त्यांत एका विशिष्ट गोष्टीची भूक व तहान लागलेले लोक आहेत. ही गोष्ट कोणती? मूळ ग्रीक शब्द 'दिकाइओसुने' असा आहे. मराठी 'पवित्र शास्त्रा'त त्यासाठी 'नीतिमत्त्व' हा शब्द योजला आहे. इंग्रजीतही व्यक्तिगत सदाचरण सुचविणारा 'रायटियसनेस' हाच शब्द रूढ आहे. हे वाचणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांसमोर मद्य न पिणारा, खोटे न बोलणारा, रविवारी प्रार्थनेस जाणारा सज्जन उभा राहतो. परंतु लॅटिन भाषांतरात आणि तिच्यापासून निघालेल्या स्पॅनिश भाषेत त्या जागी 'खुस्तिसिया', म्हणजे सरळ 'न्याय' हा शब्द आहे. पेरूमधील खाणकामगार वा एल साल्वादोरमधील भूमिहीन शेतमजूर जेव्हा हेच वचन ऐकतो, तेव्हा न्यायाची भूक असलेले लोक धन्य आहेत असे त्याच्या कानी पडते. एकच वचन, परंतु एका भाषेत ते शीलाचा उपदेश ठरते आणि दुसऱ्या भाषेत ते कोर्टकचेरीची, मजुरीची, जमिनीची आठवण देते. भाषांतरकाराच्या एका निवडीने धर्माचे तोंड कोणत्या दिशेस वळते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

मूळ हिब्रू परंपरेत हे दोन अर्थ विभक्त नव्हते. 'त्सेदाका' हा शब्द तेथे नीती, न्याय या अर्थाने येतो आणि पुढे यहुदी लोकांत गरिबांस दिलेल्या दानासही तोच शब्द लागू झाला. म्हणजे गरिबास देणे ही कृपा नव्हे, ते त्याचे देणे फेडणे होय, असा भाव त्या शब्दातच आहे. इसवी सनपूर्व आठव्या शतकात आमोस नावाचा एक मेंढपाळ बेथेलच्या राजमान्य मंदिरात जाऊन उभा राहिला. निर्धनाला पायताणाच्या एका जोडासाठी विकणाऱ्या लोकांचे सण, यज्ञ व स्तोत्रे ईश्वराला नकोशी झाली आहेत, त्याला हवा आहे तो न्याय, असे त्याने बजावले. तेथील पुरोहिताने त्याला आपल्या गावी चालते व्हावयास सांगितले. यज्ञसंस्थेला दिलेले हे आव्हान बौद्ध वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

नव्या करारातील याकोबाचे पत्र तर याहून स्पष्ट आहे. उघड्या, उपाशी बंधूला 'सुखाने जा' असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्याचा विश्वास मृत आहे, कृतीवाचून विश्वास हा विश्वासच नव्हे, असे त्या पत्राचे प्रतिपादन आहे. कापणी करणाऱ्यांची थकविलेली मजुरी ईश्वरापाशी आक्रोश करते, असेही त्यात म्हटले आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने याच पत्राला गवताच्या काडीचे पत्र म्हणून हिणवले, कारण केवळ विश्वासानेच तारण होते या त्याच्या सिद्धान्ताला ते अडचणीचे होते. वसाहतींच्या काळात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर जो ख्रिस्ती धर्म देशोदेशी गेला, त्यावर या सिद्धान्ताची गडद छाया होती हे लक्षात घेतले म्हणजे बाबासाहेबांच्या आक्षेपाचे मूळ कळते.

लॅटिन अमेरिकेत मात्र गेला तो कॅथलिक धर्म, आणि तो तलवारीबरोबर गेला. स्पॅनिश विजेत्यांना तेथील मूळ रहिवासी वेठीसाठी वाटून देण्यात येत आणि त्या वाटणीवर धर्मप्रसाराचा मुलामा असे. बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याकडेही क्यूबा बेटावर असे वेठबिगार होते. १५१४ मध्ये प्रवचनाची तयारी करताना त्याच्या वाचनात एक जुना शास्त्रभाग आला. गरिबाकडून हिरावून आणलेल्या वस्तूची आहुती ईश्वराला चालत नाही, असा त्याचा आशय होता. लास कासासने आपले वेठबिगार सोडून दिले आणि १५६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो मूळ रहिवाशांची बाजू मांडत राहिला. त्याच्या चरित्रावर एक डागही आहे. मूळ रहिवाशांची सुटका व्हावी म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे त्याने एके काळी सुचविले होते. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. परंतु एका पीडिताच्या मुक्तीसाठी दुसरा पीडित शोधण्याची ही चूक न्यायाच्या चळवळींत पुन्हा पुन्हा घडते, म्हणून तिची नोंद करावी लागते.

आधुनिक काळाकडे येताना दोन टप्पे केवळ नमूद करतो. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढून न्याय्य वेतन व संघटनेचा हक्क मान्य केला. दुसरा टप्पा बेल्जियममधील जोसेफ कार्डाइन या पाद्र्याचा. पौरोहित्याच्या शिक्षणासाठी गेलेला हा मुलगा सुटीत घरी परतला तेव्हा कारखान्यांत कामाला लागलेले त्याचे शाळासोबती त्याच्याकडे परक्यासारखे पाहू लागले. त्या अनुभवातून पुढे त्याने तरुण कामगारांची संघटना उभारली आणि तिला तीन पायऱ्यांची पद्धती दिली: पाहा, पारखा, कृती करा. आधी कामगाराने आपल्या कारखान्यातील वस्तुस्थिती पाहावयाची, मग ती शुभवर्तमानाच्या कसोटीवर पारखावयाची आणि नंतर काय करावयाचे ते ठरवावयाचे. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात या पद्धतीस मान्यता दिली. एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. या तीन पायऱ्या पाहून चार आर्यसत्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण साम्य दिसले की 'हे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्याची जी सवय आपल्या काही वक्त्यांना जडली आहे, तिने ना बुद्धविचार समजतो ना दुसऱ्याचा.

या पद्धतीत क्रम उलटला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. परंपरेने धर्मशास्त्री आधी सिद्धान्त मांडत आणि मग तो जीवनास लावत. गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी या उलट्या क्रमालाच धर्मशास्त्राचा पाया केले. १९२८ मध्ये लिमा येथे जन्मलेले हे पाद्री, अंशतः पेरूच्या मूळ केचुआ रक्ताचे. किशोरवयात हाडांच्या विकाराने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवले. म्हणून ते वैद्यकाकडे वळले, आणि मग ते सोडून धर्मशिक्षणाकडे. युरोपात लूव्हाँ व लिआँ येथे शिकून परतल्यावर लिमातील रिमाक या गरीब वस्तीत ते काम करू लागले. युरोपातील ग्रंथांत श्रद्धाळूपुढचा प्रश्न असा होता की, विज्ञानयुगात ईश्वरावर विश्वास कसा ठेवावा? रिमाकमध्ये प्रश्न निराळा होता. ज्यांना माणूस म्हणून गणले जात नाही, त्यांना ईश्वर त्यांच्यावर प्रेम करतो असे कोणत्या तोंडाने सांगावे? गुतिएरेझ यांचे उत्तर असे की, आधी त्या माणसांच्या बाजूने उभे राहावे. धर्मशास्त्र ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे पीडितांशी बांधिलकी. जुलै १९६८ मध्ये चिंबोते या पेरूच्या बंदरगावी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या विचाराला 'मुक्तीचे धर्मशास्त्र' हे नाव दिले आणि १९७१ मध्ये त्याच नावाचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

चिंबोतेनंतर काही आठवड्यांतच मेदेयीनची परिषद भरली. गुतिएरेझ तेथे सल्लागार होते. बिशपांनी जाहीर केले की लॅटिन अमेरिकेतील दारिद्र्य हा दैवाचा खेळ नाही, ती अन्यायाची स्थिती आहे. व्यवस्थेतच मुरलेली ही हिंसा आहे आणि पाप केवळ व्यक्तीच्या हृदयात नसून ते समाजाच्या घडणीत साकार झालेले असते. बाबासाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर म्हटले ते हेच. आदिपापाचा सिद्धान्त त्यांनी टाकला नाही, परंतु पापाचा पत्ता बदलला. जमीनदाराने कबुलीजबाबाच्या पेटीपाशी गुडघे टेकून क्षमा मागितली, तरी त्याच्या हजारो एकरांच्या मळ्यातील अन्याय त्या क्षमेने धुतला जात नाही, हे धर्मपीठावरून मान्य झाले.

दारिद्र्याविषयी गुतिएरेझ यांनी केलेले विवेचन बौद्ध वाचकाने आवर्जून पाहावे असे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी लिहिले आहे की भगवान बुद्धांनी दारिद्र्याला धन्य म्हणून गौरविले नाही. हा बाण कोणत्या उपदेशाकडे रोखलेला आहे हे उघड आहे. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील इण सुत्तातही गृहस्थासाठी दारिद्र्य हे दुःखच मानले आहे. गुतिएरेझ दारिद्र्याचे तीन अर्थ वेगळे करतात. अन्नवस्त्राचा अभाव हे दारिद्र्य केवळ अनिष्ट होय, ते ईश्वराची इच्छा कधीच नव्हते. ईश्वरापुढील मनाचे निरहंकारी मोकळेपण हा दुसरा अर्थ. तिसरा अर्थ असा की, स्वेच्छेने गरिबांबरोबर राहून त्यांच्या दारिद्र्याचा निषेध करणे. यांतील पहिल्या आणि तिसऱ्या अर्थांची गल्लत झाली की दारिद्र्याचे स्तोत्र गायले जाते. आणि ते गाणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात.

या विचाराला पाय फुटले ते लहान लहान गटांमुळे. पाद्री महिनोन्‌महिने न फिरकणाऱ्या खेड्यांत व झोपडवस्त्यांत दहा-वीस कुटुंबे एकत्र येऊन शास्त्रवाचन करू लागली. वाचणारा बहुधा नुकताच अक्षरओळख झालेला असे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांची साक्षरतेची पद्धती या गटांना फार उपयोगी पडली. मिसरातील विटा थापणाऱ्या गुलामांची कथा वाचताना कोणीतरी विचारी, आपला फारो कोण? आणि चर्चा गावच्या नळापाशी, उसाच्या मळ्यातील मजुरीपाशी येऊन थांबे. सत्ताधाऱ्यांना भीती वाटली ती या प्रश्नाची.

ती भीती कोणत्या थराला गेली हे पाहावयाचे असेल तर एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील चिमुकल्या देशाकडे वळावे. कॉफीच्या मळ्यांची मालकी तेथे मोजक्या घराण्यांच्या हाती होती. १९३२ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा लष्कराने हजारोंच्या संख्येने मूळ रहिवाशांची कत्तल केली. १९७२ पासून रुतिलिओ ग्रांदे हे जेझुइट पाद्री आगिलारेस या ऊस-पट्ट्यातील परगण्यात असे वाचनगट बांधीत होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये एका प्रवचनात ते म्हणाले की येशू आज या देशाच्या सीमेवर आला तर त्याला आत येऊ देणार नाहीत, त्याला चिथावणीखोर म्हणून पकडतील. पुढच्याच महिन्यात, १२ मार्च रोजी, ते प्रार्थनेसाठी मोटारीने जात असता रस्त्यावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्याबरोबर मान्युएल सोलोर्सानो हे वृद्ध गृहस्थ आणि नेल्सन लेमुस हा सोळा वर्षांचा मुलगा असे दोघे मारले गेले.

त्याआधी तीनच आठवडे ऑस्कर रोमेरो हे राजधानी सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले होते. ते पुस्तकात रमणारे, स्वभावाने भित्रट म्हणावे इतके सावध, मेदेयीनच्या विचारांविषयी साशंक. म्हणूनच धनिकांना त्यांची निवड पसंत होती. ग्रांदे त्यांचे मित्र होते. त्या रात्री त्यांनी तीन मृतदेह पाहिले. यानंतर रोमेरो यांनी काय केले याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधतो, कारण 'कृती' या शब्दाचा अर्थ तेथे उलगडतो. त्यांनी येत्या रविवारी, २० मार्च रोजी, आपल्या अधिकारक्षेत्रातील सर्व चर्चमधील प्रार्थना रद्द करून एकाच प्रार्थनेसाठी सर्वांना राजधानीच्या प्रमुख चर्चपुढे बोलावले. पोपच्या राजदूताने त्यांना विरोध केला. या हत्यांचा तपास होईपर्यंत कोणत्याही सरकारी समारंभास आपण उपस्थित राहणार नाही, असे त्यांनी कळविले आणि ते अखेरपर्यंत पाळले. गरिबांना कायदेशीर साहाय्य देणारे कार्यालय त्यांनी धर्मपीठाच्या छत्राखाली घेतले. नाहीसा झालेला मुलगा, कोठडीत मेलेला नवरा, जळालेली झोपडी यांची टिपणे तेथे नोंदली जाऊ लागली. दर रविवारच्या प्रवचनात शास्त्राचा अर्थ सांगून झाला की रोमेरो त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची व बेपत्ता झालेल्यांची नावे वाचीत, आणि चर्चचे रेडिओ केंद्र ते देशभर ऐकवी. वृत्तपत्रे जे छापीत नसत ते लोकांना प्रार्थनेतून कळे. त्या केंद्रावर बाँब टाकण्यात आले. एकेक पाद्री मारावा म्हणजे देशसेवा होईल अशा आशयाची पत्रके वाटली गेली.

नावे वाचणे ही वरवर पाहता लहानशी कृती आहे. परंतु ज्या व्यवस्थेचे बळच मुळी काही माणसे मोजली जात नाहीत या गोष्टीवर उभे असते, तिला एखाद्या शेतमजुराचे पूर्ण नाव वेदीवरून उच्चारले जाणे सहन होत नाही. आपल्या समाजाला याची वेगळी फोड करून सांगावी लागेल असे मला वाटत नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये रोमेरो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून एल साल्वादोरच्या सरकारला लष्करी मदत देऊ नये अशी विनंती केली. मदत दिली गेली. २३ मार्च रोजी त्यांनी सैनिकांना उद्देशून सांगितले की तुम्ही मारता ते तुमचेच शेतकरी बांधव आहेत आणि ईश्वरी नियमाविरुद्धचा हुकूम पाळण्यास कोणी बांधलेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ज्या कर्करोगाच्या रुग्णालयाच्या आवारात ते राहत तेथल्या प्रार्थनागृहात, वेदीपाशीच त्यांना गोळी घालण्यात आली. त्यानंतर देशात बारा वर्षे यादवी युद्ध चालले आणि सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये रोमेरोंच्या हत्येचा हुकूम रॉबेर्तो दोबुइसॉन या माजी लष्करी अधिकाऱ्याने दिल्याचे नमूद केले. आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के तक्रारी लष्कर, सरकारी दले व त्यांच्याशी संबंधित टोळ्यांविरुद्ध होत्या. युद्धाच्या अखेरीस, १६ नोव्हेंबर १९८९ रोजी, लष्कराने राजधानीतील विद्यापीठाच्या आवारात शिरून सहा जेझुइट प्राध्यापकांना ठार केले. साक्षीदार उरू नये म्हणून स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची सोळा वर्षांची मुलगी सेलिना यांनाही मारण्यात आले. ही घटना जगभर 'सहा जेझुइटांची हत्या' म्हणून ओळखली जाते. मृत आठ होते.

रोमने या साऱ्याकडे कसे पाहिले? १९८४ मध्ये कार्डिनल रॅत्झिंगर यांच्या स्वाक्षरीने निघालेल्या निवेदनात मुक्तीच्या धर्मशास्त्राच्या काही धारांनी मार्क्सवादी विश्लेषण पारखून न घेता स्वीकारल्याचा ठपका ठेवण्यात आला. पुढच्या वर्षी ब्राझीलचे लेओनार्दो बॉफ यांना काही काळ मौन पाळण्याची शिक्षा झाली. १९८६ चे दुसरे निवेदन अधिक समजुतीचे होते. गुतिएरेझ यांच्या लेखनाची वर्षानुवर्षे छाननी झाली, परंतु ते दोषी ठरले नाहीत. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांची भेट घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी लिमा येथे त्यांचे निधन झाले. रोमेरोंच्या बाबतीत वाद वेगळाच होता. हुतात्मा ठरण्यासाठी धर्माच्या द्वेषातून हत्या झालेली असावी लागते. येथे मारणारेही बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्तीच. मग हा धर्मासाठी मृत्यू की राजकारणासाठी? निर्णयास पस्तीस वर्षे लागली. २०१५ मध्ये त्यांचे हौतात्म्य मान्य झाले आणि १४ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. न्यायासाठी केलेली कृती हाच धर्म होय, हे या निर्णयाने अप्रत्यक्षपणे मान्य केले असे माझे मत आहे.

या चळवळीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोलंबियाचे पाद्री कामिलो तोरेस यांनी बंदूक हाती घेतली आणि १९६६ मध्ये पहिल्याच चकमकीत ते मारले गेले. अहिंसेचा प्रश्न तेथे सुटला असे म्हणता येत नाही. रोमेरो मात्र दोन्ही बाजूंच्या हत्यांचा निषेध करीत. प्रारंभीच्या लेखनात वर्ग हाच शब्द सर्वत्र आढळतो. स्त्रिया, मूळ रहिवासी आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांचे वेगळे दुःख त्यात बुडून गेले, अशी टीका पुढे त्यांच्यातीलच लेखक-लेखिकांनी केली. आणि ज्या गरिबांचा पक्ष घेतला, त्यांच्यातील लक्षावधी लोक त्याच दशकांत पेंटेकोस्टल पंथाकडे निघून गेले, ही वस्तुस्थिती आहे.

अभ्यासवर्गात ज्या सुत्तावरून हा विषय निघाला, त्याकडे एकदा वळू. कूटदन्त सुत्तातील राजाला लूटमार थांबवावयाची असते. पुरोहित त्याला सांगतो की शिक्षेने ती थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व सेवकाला वेतन द्यावे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे व हत्या अशी कार्यकारणाची साखळीच दाखविली आहे. व्यवस्थेतून दुष्कर्म जन्मते हे ज्ञान पाली वाङ्मयात असे निःसंदिग्ध आहे, आणि त्यासाठी कोणत्याही ईश्वराची साक्ष काढावी लागलेली नाही. तथापि एक भेद प्रामाणिकपणे नोंदवावा लागतो. या दोन्ही सुत्तांतील राजनीतीचा उपदेश राजाला आहे. विटा थापणाऱ्या गुलामांच्या कथेत बोलावणे येते ते गुलामांना. बौद्ध परंपरेत पीडितांनाच उद्देशून ही हाक बाबासाहेबांनी दिली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. दुसरा भेद याहून मूलगामी आहे. गुतिएरेझ यांचा सारा विचार गरिबांचा पक्ष घेणाऱ्या ईश्वरावर उभा आहे. तो आधार बौद्धाला नाही आणि नकोही आहे.

आता आपल्या देशाकडे. भारतातील ख्रिस्ती धर्मशास्त्रातही मुक्तीचा हा विचार आला, परंतु १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानापासून अरविंद निर्मळ यांनी त्याच्या उसनेपणावर बोट ठेवले. लॅटिन अमेरिकेतून आणलेल्या वर्गविश्लेषणाला जात दिसत नाही, आणि भारतीय धर्मशास्त्र उच्चवर्णीयांच्या तत्त्वज्ञानाशी संवाद करण्यातच रमले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दलितांच्या वेदनेतून निघणारे धर्मशास्त्र त्यांनी मागितले. जात चर्चमध्ये शिरली नव्हती असे नाही. वेगळी बाके, वेगळी दफनभूमी हे प्रकार, विशेषतः दक्षिणेत, कित्येक पिढ्या चालत आले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चच्या आत भेदभाव असल्याची कबुली दिली. मेदेयीननंतर या कबुलीस अठ्ठेचाळीस वर्षे लागली. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे कार्डिनल झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले दलित होत.

राज्यव्यवस्थेची बाजूही पाहावी. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. १९९० पूर्वीच्या चौतीस वर्षांत धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या वाट्याला केंद्राच्या सवलतींबाबत काय आले, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ख्रिस्ती दलित आजही त्या आदेशाबाहेर आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

धर्मांतरित ख्रिस्ती आपल्यावरील अन्यायाविरुद्ध चळवळ करीत नाही, ही बाबासाहेबांची त्या निबंधातील खंत होती. राष्ट्रपतींचा तो आदेश निघाला १० ऑगस्ट १९५० रोजी. ख्रिस्ती दलितांच्या संघटना दरवर्षी १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळतात.